ऊन पाणी कोणाचे?

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला बाथ हे शहर परके नाही. जेन ऑस्टेनच्या दोन कादंबऱ्यांतील बराच भाग तेथे घडतो आणि १८०१ ते १८०६ या काळात ती स्वतः तेथे राहत होती. पण या शहराची ओळख तिच्या फार आधीची आहे. कोकणात ज्यांना आपण उन्हाळे म्हणतो, तसे ऊन पाण्याचे झरे या गावाच्या पोटात आहेत. हजारो वर्षांपूर्वी मेंडिप टेकड्यांवर पडलेला पाऊस जमिनीत खोल मुरतो, तेथे तापतो आणि भेगांतून पुन्हा वर येतो, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. दररोज अकरा लाख लिटरहून अधिक पाणी, तेही ४५ अंशांच्या आसपास! ना चूल, ना सरपण.

आज या पाण्याची ओळख जगाला होते ती बहुधा एका जाहिरातीतून. शुक्रवारी संध्याकाळी लंडनहून आगगाडीने निघावे, जुन्या वास्तूतील उंची हॉटेलात उतरावे, शनिवारी पांढरा झगा अंगात घालून ऊन पाण्यात डुंबावे, अंगाला तेल चोळून घ्यावे, दुपारी चहा आणि केक, रविवारी रोमन अवशेष पाहून परत. रात्रीला कित्येकशे पौंड. या प्रकाराला कोणी नाक मुरडावे, असे मला मुळीच वाटत नाही. वर्षभर राबलेल्या माणसाने दोन दिवस अंग शेकले तर त्यात पाप कसले? विश्रांती ही चैन आहे असे मानणारे लोक बहुधा दुसऱ्याच्या विश्रांतीबद्दल बोलत असतात. प्रश्न वेगळाच आहे. हे पाणी शतकानुशतके ज्यांच्यासाठी वाहिले, त्यांतला एक माणूस या जाहिरातीत कोठेच दिसत नाही. तो म्हणजे रोगी.

रोमनांपासून सुरुवात करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्यांनी येथे सुलिस मिनर्व्हा या देवतेचे मंदिर उभारले आणि त्याला लागून स्नानगृहे बांधली. झऱ्यात शिशाचे नि कथलाचे पातळ पत्रे सापडले आहेत. सुमारे १३० असतील. त्यांवर भाविकांनी देवीला गाऱ्हाणी लिहिली आहेत, आणि त्यांतली बरीच आंघोळीच्या वेळी कपडे चोरीला गेल्याची! चोर पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र, त्याला झोप लागू देऊ नकोस, अशा धर्तीची ही मागणी. हसू येते खरे. पण हा मजकूर नीट वाचला तर त्या कुंडाभोवती कोणकोण वावरत असावेत, याचाही अंदाज येतो. गुलामावर संशय घ्यायचा तर गुलाम तेथे असायला हवा.

मधली शतके सोडून देऊ. अठराव्या शतकात राणी ॲन येथे येऊन गेली आणि बाथ हे श्रीमंतांचे करमणुकीचे गाव बनले. बो नॅश नावाचा एक जुगारी गृहस्थ तेथल्या समारंभांचा सूत्रधार झाला. कोणी कोणाशी कसे वागावे, नाच कधी थांबावा, तलवार बाहेर ठेवावी, असे सारे नियम त्याचे. जॉन वुड बापलेकांनी सोनेरी दगडाची ती प्रसिद्ध अर्धवर्तुळे आणि वर्तुळे उभी केली; तीस घरांचे रॉयल क्रेसेंट १७६७ ते १७७४ च्या सुमारास बांधले गेले. आज त्याच्या मधोमध हॉटेल आहे.

हा पैसा आला कोठून, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला नक्कीच आहे. येथल्या सर्कस नावाच्या वर्तुळातील एका घरात बंगालमध्ये गडगंज झालेला क्लाइव्ह राहत असे. १७७० च्या भीषण दुष्काळात बंगाल उजाड झाला होता आणि थोड्याच वर्षांत कंपनीचा हा माजी गव्हर्नर बाथला पाण्याचा गुण घ्यायला येत होता. जमैकातील गुलामांच्या कष्टांवर जगणाऱ्या विल्यम बेकफर्डने आपला मनोरा याच गावाच्या टेकडीवर बांधला. आणि गंमत अशी, की वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारा एडमंड बर्क हाही आयुष्याच्या अखेरीस, १७९७ मध्ये, प्रकृतीसाठी येथेच आला होता. फिर्यादी आणि आरोपींचे जातभाई एकाच झऱ्याचे पाणी पीत होते.

तरीही, आणि हे मला महत्त्वाचे वाटते, त्याच चंगळीच्या शतकाने गरीब रोग्यासाठी जागा केली होती. १७३८ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने एक रुग्णालय स्थापन झाले आणि १७४२ मध्ये ते सुरू झाले. बाहेरगावच्या गरिबांना या पाण्याचा उपचार मिळावा, हा त्याचा हेतू. जॉन वुडने आराखडा फुकट करून दिला, राल्फ ॲलन या खाणमालकाने दगड दिला आणि वर्गणी गोळा करण्यात पुढे होता तो हाच बो नॅश. जुगाराच्या टेबलावरून उठणाऱ्यांकडून त्याने रुग्णालयासाठी पैसे काढले! त्या दानात दिखाऊपणा किती होता याचा हिशेब ज्याला करायचा त्याने करावा. लकवा झालेले, सांधे धरलेले, त्वचारोगाने पिडलेले लोक तेथे येत, आणि बरेचसे सुधारून परत जात.

हा भोळा विश्वासच होता काय? पूर्णपणे नाही. त्या काळी शिसे अंगात भिनून हातपाय लुळे पडणारे कारागीर पुष्कळ असत. रंगारी, नळकाम करणारे वगैरे. १९८० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील वैद्यकीय संशोधकांनी प्रयोग करून दाखवले, की माणूस गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिला तर त्याच्या लघवीवाटे शिसे जास्त प्रमाणात बाहेर पडते. म्हणजे गुण होता तो मुख्यतः पाण्यातल्या क्षारांचा नव्हे, तासन् तास बुडून राहण्याचा. जाहिरातींना ही गोष्ट सोयीची नाही, कारण मग क्षारांची जादू उरत नाही. पण रोग्याला ती सोयीची आहे. त्याला ऊन पाणी हवे, वेळ हवा आणि बसायला जागा हवी.

येथे ऑस्टेनची आठवण पुन्हा होते. तिच्या 'पर्स्वेजन' या कादंबरीत मिसेस स्मिथ नावाची एक विधवा आहे. नवऱ्यामागे पैसा उरलेला नाही, संधिवाताने पाय धरलेले. ती बाथला आली आहे ती ऊन पाण्याच्या उपचारासाठी, आणि स्नानगृहांजवळच्या वेस्टगेट बिल्डिंग्जमध्ये भाड्याच्या खोलीत राहते. नायिका ॲन तिला भेटायला जाते, तेव्हा तिचा बाप सर वॉल्टर त्या पत्त्याचीच टिंगल करतो. आपल्याकडे ही कादंबरी शिकवताना ॲन आणि वेंटवर्थ यांच्या प्रेमावर सगळा वेळ जातो, मिसेस स्मिथ परीक्षेला येत नाही. मला मात्र वाटते, की सबंध बाथ शहर समजून घ्यायचे तर तिच्या खोलीतून पाहावे. सर वॉल्टर बाथला मिरवायला आला आहे, ती चालता यावे म्हणून आली आहे. आजच्या बाथमध्ये सर वॉल्टरची सोय उत्तम आहे. मिसेस स्मिथने कोठे जावे?

एक काळ असा होता, की या प्रश्नाला उत्तर होते. १९४८ मध्ये इंग्लंडची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर बाथच्या ऊन पाण्याचा उपचार मिळू लागला. श्रीमंताचे पाणी आणि गरिबाचे पाणी एकाच यादीत आले. १९७६ मध्ये हे थांबवण्यात आले. पुढे दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, तेथल्या तलावात पोहलेली एक मुलगी पाण्यातील अमीबामुळे मेंदूचा दाह होऊन दगावली आणि स्नाने बंदच झाली. नवी विंधणे घेऊन खोलातले स्वच्छ पाणी वर आणले गेले, पण लोकांना त्यात उतरता आले ते थेट २००६ मध्ये, 'थर्मे बाथ स्पा' उघडला तेव्हा. त्याचे बांधकाम इतके रखडले, की २००३ साली पाव्हारोट्टीसह तीन नामवंत गायकांची मैफल उद्घाटनाप्रीत्यर्थ होऊन गेली आणि स्नानगृह तीन वर्षांनी आले! खर्च सुमारे साडेचार कोटी पौंडांवर गेला. त्यात सरकारी लॉटरीचा, म्हणजे सामान्य माणसाच्या खिशातला, पैसाही होता. आता दोन तासांच्या स्नानाला चाळीस पौंडांच्या घरात मोजावे लागतात.

हॉटेलांची कथा याहून बोलकी आहे. गावातील इमारतींच्या बांधकामावर जखमी होणाऱ्या मजुरांसाठी अठराव्या शतकात एक रुग्णालय निघाले होते. पुढे गोरगरिबांच्या दवाखान्याशी त्याचे एकत्रीकरण होऊन १८२६ मध्ये बो स्ट्रीटवर मोठी इमारत झाली. १९३२ मध्ये रुग्णालय तेथून हलले. मग तेथे कॉलेज भरू लागले. २०१५ साली त्याच वास्तूत 'गेन्सबरो' हे पंचतारांकित हॉटेल उघडले. त्यातील काही खोल्यांत नळाची तोटी फिरवली की झऱ्याचे ऊन पाणी थेट टबात येते. आणि ज्या रुग्णालयाला बो नॅशने वर्गणी जमवली, ते २०१९ मध्ये आपली जुनी वास्तू सोडून शहराच्या मध्यभागाबाहेरच्या मोठ्या रुग्णालयाच्या आवारात गेले. ती वास्तूही हॉटेलसाठी परदेशी कंपनीला विकली गेली. रुग्णसेवा बंद पडली नाही, नव्या जागी सोयी अधिक चांगल्या असतील, हे मान्य. पण मजुराची इमारत गेली, संधिवाताच्या रोग्याची इमारत गेली आणि दोन्ही ठिकाणी पाहुण्यांसाठी टॉवेल घड्या घालून ठेवायचे ठरले, याला निव्वळ योगायोग म्हणायला मी तयार नाही.

याच शहराने हे पूर्वीही केले आहे. १९६० ते १९७३ च्या दरम्यान क्रेसेंट आणि सर्कस जपल्या गेल्या, पण त्याच काळातली कारागिरांची साधी घरे मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. ॲडम फर्ग्युसनने १९७३ मध्ये 'द सॅक ऑफ बाथ' हे पुस्तक लिहून त्याविरुद्ध आवाज उठवला. युनेस्कोचा वारसा-दर्जा १९८७ मध्ये मिळाला. मधल्या काळात जे गेले ते गेले.

यावर ठरलेले उत्तर असे, की पर्यटकांचा पैसा नसता तर झरे आजही बंदच राहिले असते. खरे आहे. अठ्ठावीस वर्षे कोणालाच पाणी मिळाले नाही, त्यापेक्षा काहींना मिळणे बरे. पण 'काहींना' आणि 'रोग्याला' यांत निवड करावीच लागते असे कोणी ठरवले? पाणी कमी पडते ही सबब तर येथे चालणारच नाही. उपयोगात न येणारे पाणी जुन्या रोमन पाटातून एव्हन नदीला जाऊन मिळते. झरे कोणा कंपनीच्या मालकीचेही नाहीत. पहिल्या एलिझाबेथने १५९० मध्ये शहराला सनद दिली, तेव्हापासून त्यांचा सांभाळ नगरपालिकेकडे आहे. आठवड्यातून चार सकाळी, पर्यटक न्याहारीला बसलेले असताना, डॉक्टरची चिठ्ठी आणणाऱ्याला त्या कुंडात विनामूल्य उतरू द्यावे. हॉटेले नऊनंतर चालू द्यावीत, तेलाचे दिवे नि पांढरे झगे तसेच राहू द्यावेत. त्यांचे उत्पन्न फार घटेल असे वाटत नाही, आणि घटलेच तर त्याची भरपाई आरोग्यखात्याने करावी. १९७६ पर्यंत ते खाते याच उपचाराचे पैसे देत होते.