अजून नाही!

समजा, तुमच्या बाबांची बदली इंडोनेशियात झाली. अगदीच अशक्य नाही बरं का! तिथल्या कापडगिरण्यांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत कितीतरी भारतीय माणसं काम करतात. सामान लागलं, शाळेत नाव घातलं, आणि सकाळी तुम्ही पाव आणायला बाहेर पडलात. शेजारच्या काकू फाटकातून हसून विचारतात, "मौ के माना?" म्हणजे, "कुठे चाललात?"

आपल्याकडे निघालेल्या माणसाला असं विचारलं की आजी डोळे वटारते. "कुठे म्हणू नये रे, काम होत नाही!" आणि या काकू तर ओळखीच्याही नाहीत! पण त्यांना तुमचा ठावठिकाणा नकोच असतो. आपण "काय, जेवण झालं का?" म्हणतो ना, तसंच हे. "जालान-जालान" म्हणायचं, म्हणजे "असंच, फिरायला". हसायचं आणि पुढे व्हायचं.

चपला बाहेर काढणं, उजव्या हातानं देणं-घेणं हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. युरोप-अमेरिकेतून आलेल्यांना ते मुद्दाम शिकावं लागतं. पण काही गोष्टी आपल्यालाही नवीन आहेत. कुणाकडे बोट दाखवायचं नाही. जावा बेटावर उजव्या हाताची चार बोटं मिटून अंगठ्यानं दिशा दाखवतात. कमरेवर हात ठेवून उभं राहिलात तर समोरच्याला वाटतं, हा भांडायला आला. मोठी माणसं बसली असतील तर त्यांच्यासमोरून ताठ चालत जायचं नाही. थोडं वाकायचं, उजवा हात खाली धरायचा आणि "पर्मिसी" म्हणत जायचं.

नुसत्या नावानं मोठ्यांना हाक मारायची नाही हेही आपल्यासारखंच. पुरुषांना 'पाक', बायकांना 'बू'. मुळात हे शब्द बाप आणि आई या अर्थाचे! राष्ट्राध्यक्षांनासुद्धा लोक 'पाक' म्हणतात. आणि शाळेतल्या बाई? त्या 'बू गुरू'. हो, आपलाच गुरू! त्यांच्या भाषेत संस्कृतातून गेलेले शब्द पुष्कळ आहेत. 'भाषा' या शब्दालाच ते 'बाहासा' म्हणतात.

कुणाच्या घरी गेलात की समोर चहा किंवा सरबत येतं. घाईनं कप उचलायचा नाही. घरातलं कुणी "सिलाकान", म्हणजे "घ्या ना", म्हणेपर्यंत थांबायचं. चहा निवत असला तरी!

आता मुख्य गोष्ट. इथेच परदेशी माणसं फसतात, आणि कधी कधी चांगली मैत्री तुटते.

तुम्ही वर्गातल्या मित्राला वाढदिवसाला बोलावता. तो छान हसतो, "इन्शाअल्ला" म्हणतो, किंवा "नांती या", म्हणजे "बघू, नंतर". तुम्ही त्याच्यासाठी केक बाजूला ठेवता. शनिवारी तो येत नाही. तुम्ही मनात म्हणता, खोटारडा! पण दोस्तांनो, त्यानं तर त्याच दिवशी नकार दिला होता. तुम्हाला तो ऐकू आला नाही, एवढंच. तोंडावर "नाही" म्हणून तुमचा हिरमोड करणं त्याला जड गेलं. 'इन्शाअल्ला' हा मनापासूनचा होकारही असू शकतो. मग ओळखायचं कसं? ज्याला यायचं असतं तो किती वाजता, कुठे, आणखी कोण, असं विचारत बसतो. ज्याला जमणार नसतं तो नुसता हसतो.

आपल्याला रोखठोक बोलण्याचा केवढा अभिमान! एक घाव दोन तुकडे! तिथे ते चालत नाही. एखाद्याला चारचौघांत मान खाली घालायला लावणं फार वाईट समजतात. त्या लाजेला 'मालू' म्हणतात. दुकानदारानं सुटे पैसे कमी दिले म्हणून तुम्ही आवाज चढवलात, तर तुमचं म्हणणं खरं असूनही लोक तुमच्याकडेच विचित्र नजरेनं पाहतील. हळू आवाजात, हसून सांगितलंत की काम होतं. अर्थात सतरा हजारांवर बेटांचा देश आहे, सगळे सारखे कसे असतील? सुमात्राच्या उत्तरेकडचे बाताक लोक स्पष्ट बोलण्याबद्दलच प्रसिद्ध आहेत.

मला विचाराल तर या गोड नकाराला खोटं म्हणता येणार नाही. त्रास होतो तो रस्ता विचारताना! "स्टेशन इकडेच ना?" म्हटलं की समोरचा तुमचं मन राखायला "हो" म्हणू शकतो. म्हणून "स्टेशन कुठे आहे?" असंच विचारावं.

यातला सर्वांत गोड शब्द म्हणजे 'बलुम', अर्थात 'अजून नाही'. "तुम्ही बाली पाहिलंत का?" "बलुम." "तुमच्या मावशीचं लग्न झालं का?" "बलुम." मावशीला लग्न करायचंच नसलं तरी सरळ 'नाही' म्हणून दार लावून घ्यायचं नाही. नवल वाटलं? मग आपण निघताना "जातो" का म्हणत नाही? "येतो" का म्हणतो?

राहायला गेल्यावर तुमच्या आई-बाबांना आणखी एक काम करावं लागेल. गल्लीतल्या प्रमुखाला, 'पाक एर-ते'ला, भेटून यायचं. एर-ते म्हणजे शेजारच्या घरांचा एक गट. चोवीस तासांहून जास्त राहणाऱ्या पाहुण्यांनी कळवावं, अशा पाट्याही गल्लीच्या तोंडाशी दिसतात. काही परदेशी लोकांना ही लुडबूड वाटते. पण गल्ली झाडायला सगळे जमतात त्या रविवारी झाडू घेऊन गेलात, तर एका सकाळीच तुम्हाला वीस घरं ओळखू लागतील.

बालीत असाल तर 'न्यपी'चा दिवस पाळावाच लागतो. हा तिथल्या शकाचा वर्षारंभ. २०२३ साली तो २२ मार्चला, नेमका आपल्या पाडव्याच्या दिवशी आला होता. आपण गुढी उभारतो, ते गप्प बसतात! रस्ते ओस, दिवे बंद, विमानतळसुद्धा बंद. पर्यटकांनीही बाहेर पडायचं नाही.

आणि रमझानचे उपास संपल्यावर येतो 'लेबारान'. मोठ्यांचा हात हातात घेऊन मुलं तो कपाळाला किंवा नाकाला लावतात, आणि घरोघरी लोक एकमेकांची 'माफ' मागतात: वर्षभरात उघड किंवा मनातल्या मनात काही चुकलं असेल तर क्षमा करा. शेजारी दुसऱ्या धर्माचा असला तरी त्यानं हे म्हटलेलं सर्वांना आवडतं. लहान मुलांना त्या दिवशी छोट्या पाकिटांतून कोऱ्या नोटा मिळतात. तुमच्याही हाती एखादं पाकीट पडलं तर ते उजव्या हातानं घ्या, आणि देणाऱ्यासमोर उघडून नोटा मोजू नका म्हणजे झालं!