कुलूप काढा, पण कागद करा!

मुंबईत परवडणारी जागा मिळत नाही म्हणून माणसे विरार-बदलापूर गाठतात आणि दिवसाचे तीन-चार तास लोकलमध्ये लोंबकळत काढतात. त्याच मुंबईत दारोदार कुलपे लटकलेली आहेत! केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने २०११ च्या शिरगणतीच्या आधारे मुंबईतील रिकाम्या घरांचा आकडा सुमारे ४ लाख ८० हजार दिला होता. त्यांतली कितीतरी घरे भाव चढण्याची वाट पाहणाऱ्या धनिकांची असतील. त्यांची वकिली आम्हांला करावयाची नाही. आम्ही बोलत आहोत ते प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांतून दुसरी खोली घेऊन ठेवलेल्या निवृत्त कारकुनाविषयी, नवऱ्यामागे एका ब्लॉकखेरीज दुसरे उत्पन्न नसलेल्या बाईविषयी. भाड्याची त्यांना गरज आहे, आणि तरीही जागा देण्यास ते धजत नाहीत. ते का?

या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. महायुद्धानंतरच्या टंचाईत गरिबाला तो आधार होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तात्पुरते म्हणून दिलेले औषध पन्नास वर्षे चालू राहिले, आणि गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे १९९७ साली खुद्द सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्याहून मोठा धक्का १९७३ चा. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस चालू कराराने जागेत असलेल्या लायसन्सींना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले. वर्षभरासाठी दिलेली जागा जन्माची गेली! ज्याच्या काकाची गेली, तो पुतण्या आजही कुलूप काढावयास तयार नाही.

परंतु आजचा कायदा तो नव्हे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे, राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सने दिलेली जागा मुदत संपताच मालकाला परत मिळावयास हवी. न सोडणाऱ्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. त्यासाठी दिवाणी दाव्याच्या चरकात शिरण्याचेही कारण नाही. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करावयाचा असतो.

मात्र हे संरक्षण लेखी कराराला आहे, तोंडी शब्दाला नाही. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी नको, ही समजूत दलालांनी इतकी पसरविली आहे की सुशिक्षितही तिला बळी पडतात. कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, नोंदणी अनिवार्य आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी जागेत राहणारा जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही! चार पैसे वाचविण्यासाठी घर पणाला लावण्याचा हा कोणता शहाणपणा? करारासोबत पंखे, नळ, दिवे यांची यादी करून तीवर दोघांच्या सह्या घ्याव्या. अनामत रकमेची निम्मी भांडणे तेथेच मिटतील.

सोसायट्यांविषयीही बोलले पाहिजे. भाडेकरू ठेवला म्हणून मन मानेल ती रक्कम उकळणाऱ्या कमिट्या आहेत. २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. मालकाने तो आदेश कमिटीपुढे ठेवावा. आणि त्याच मालकाने जागा पाहावयास आलेल्याची जात, धर्म आणि ताटातले पदार्थ विचारणे सोडावे. स्वतःसाठी कायदा मागणाऱ्याला ते शोभत नाही.

राहता राहिले सरकार. जलद निकालासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्यापुढेही तारखांवर तारखा पडत असतील, तर कायदा कागदावर राहील आणि कुलपे दारावर! आमची मागणी साधी आहे. प्रत्येक सक्षम प्राधिकाऱ्याकडे वर्षभरात किती अर्ज आले, किती निकालात निघाले आणि प्रत्यक्ष ताबा मिळण्यास किती दिवस लागले, हे आकडे गृहनिर्माण खात्याने दरसाल प्रसिद्ध करावेत. आणि जेथे अर्ज साठले आहेत तेथे विनाविलंब जादा अधिकारी नेमावेत.