आधी पान, मग शेड

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन आणि उसाच्या शेजारी तुतीची हिरवी रानेही दिसू लागली आहेत. महिनाभरात कोष हाती येतात, म्हणून शेतकरी तिकडे वळतो. मात्र चर्चा होते ती शेडची, रॅकची आणि अनुदानाची. ज्या पानावर सारा डाव उभा आहे, त्याचा विचार मागे पडतो.

रेशमाच्या प्रत्येक किड्याचे झाड ठरलेले असते. विदर्भातील टसरची अळी ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर वाढते, एरी रेशमाची अळी एरंडाच्या पानावर. मराठवाड्यात पाळला जाणारा किडा मात्र तुतीचाच. ही अळी वेगळे पाणी पीत नाही. पाणी आणि प्रथिने दोन्ही तिला पानातूनच मिळतात. २५ ते २८ दिवसांत तिचे वजन सुमारे १० हजार पटींनी वाढते आणि एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला ती शेवटच्या अवस्थेत फस्त करते. नेमक्या त्याच आठवड्यात पाला कमी पडला किंवा सुकला, तर कोष हलके आणि पातळ होतात.

तुती-तुतीतही फरक असतो. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने विकसित केलेला व्ही-१ हा वाण भरघोस पाला देतो, पण त्याला खात्रीचे पाणी आणि भरपूर खत लागते. कोरडवाहू काळ्या जमिनीसाठी एस-३४, तर तांबड्या जमिनीसाठी एस-१३ अशी शिफारस आहे. वयाचाही हिशेब असतो. चॉकीतील लहान अळ्यांना कोवळे, रसदार पान हवे, मोठ्या अळ्यांना पक्व. लहान अळ्यांना जून पान घातले, तर त्यांची वाढ मागेपुढे होते आणि सगळ्या एकाच वेळी कात टाकत नाहीत.

म्हणून दुष्काळी धाराशिवमध्ये प्रश्न ‘तुती लावावी का’ एवढाच नाही. कोणत्या जमिनीत, कोणत्या पाण्यावर, कोणता वाण, हा खरा प्रश्न आहे. शेजाऱ्याची व्ही-१ चांगली आली म्हणून त्याच्याच काड्या आणून लावणे धोक्याचे आहे. प्रस्ताव मंजूर करताना माती परीक्षण आणि विहिरीला मे महिन्यात उरणारे पाणी, या दोन गोष्टी तपासल्याच पाहिजेत. किती अंडीपुंज घ्यायचे, हेही रॅकच्या जागेवरून नव्हे, रानातल्या पाल्यावरून ठरावे. शेड एक हंगाम उशिरा उभी राहिली तरी चालेल. भुकेल्या अळ्या एक दिवसही थांबत नाहीत.