चक्कीचं गाणं शाळेत नव्हतं

गेल्या महिन्यात घरात निकाह होता. हळदीच्या रात्री फुफूने ढोलकी पुढे ओढली आणि दखनीतली जुनी गाणी सुरू केली. नवऱ्या मुलाची टिंगल, विहिणीला टोमणे. बायका हसून लोळत होत्या. उर्दू माध्यमात शिकलेला माझा मामेभाऊ कानाशी येऊन म्हणाला, "ये कैसी उर्दू है भाई? ना शीन ठीक, ना क़ाफ!" इंग्रजी शाळेत जाणारी पुतणी मोबाईल घेऊन गच्चीवर निघून गेली. मला मात्र गाणी आवडत होती. तेव्हा माझं मलाच कौतुक वाटलं. मग लक्षात आलं की मला ती जात्यावरच्या ओव्यांसारखी वाटत होती. ओवी सुंदर असते हे मला फुफूने नाही, मराठीच्या मास्तरांनी शिकवलं होतं.

एकाच घरातली तीन माणसं, तीन शाळा आणि तीन आवडी. आणि आपण म्हणतो, आवड रक्तात असते!

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९६०च्या दशकात हजारावर लोकांना संगीत, चित्रं, घरातलं सामान यांच्या आवडी विचारल्या. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७९ साली आलं. बाखच्या रचना कोणाला आवडतात आणि 'ब्ल्यू डॅन्यूब' कोणाला, हे शिक्षण किती झालं आणि घर कुठल्या थरातलं, यावर बरंचसं अवलंबून होतं. त्यांचं आणखी एक म्हणणं मला जास्त बोचतं. शाळा आवड देते तशी दुसऱ्याच्या आवडीला हलकं म्हणण्याची हिंमतही देते. मामेभावाच्या त्या वाक्यात तीच हिंमत होती. कॉलेजात असताना मित्रांसमोर अम्मीची बोली ऐकून मी मान खाली घालायचो, ती लाजही शाळेचीच देणगी.

खरं तर ज्या दखनीला तो 'बिघडलेली उर्दू' म्हणतो, तिच्यात विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नवरस' लिहिलं. तिथल्या सूफींनी बायकांना दळताना म्हणता यावेत म्हणून चक्कीनामे रचले. उत्तरेची उर्दू प्रमाण ठरली आणि दखनी चुकीची झाली. मराठी शाळेला तर ती आपली वाटण्याचं कारणच नव्हतं. दोन्ही शाळांच्या मधल्या बोळात आमची घरची भाषा राहून गेली.

मुलाला कुठल्या माध्यमात घालायचं यावर आपल्या मोहल्ल्यात रात्र-रात्र वाद होतात. नोकरी, फी, दीन, मुलीला शाळा किती लांब पडेल, सगळं निघतं. पण या मुलाला पुढे काय सुंदर वाटेल आणि कशाची लाज वाटेल, हेही आपण त्याच दिवशी ठरवत असतो. ते कोणी बोलत नाही. उर्दू शाळेतल्या मुलाला ग़ालिब मिळतो, श्रीगोंद्याचे शेख महंमद मिळत नाहीत. मला तुकोबा मिळाले, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. पण माझ्या पुस्तकांत मुसलमान भेटला तो बहुधा अफजलखान किंवा शाहिस्तेखान म्हणून. शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. शाळेने आधी सांगितलं असतं तर वर्गात मागच्या बाकावर बसलेला मी थोडा ताठ बसलो असतो.

अभ्यासक्रम बदला म्हणून निवेदनं द्यावीत, जरूर द्यावीत. पण एखाद्या शिक्षकाने मुलांना एवढंच सांगितलं, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एक गाणं लिहून आणा, मग ते दखनी असो, कोकणी असो वा वऱ्हाडी, तर त्याला सरकारी परवानगी लागत नाही. वर्गात मोठ्याने वाचलेल्या गोष्टीला मुलं मान देतात. ओवीच्या बाबतीत माझं तसंच झालं.

निकाहनंतर चार दिवसांनी पुतणीने मोबाईल पुढे केला. गच्चीवरून उतरताना तिने अर्धं गाणं रेकॉर्ड केलं होतं. "चाचा, इसमें ये लफ्ज़ क्या है?" मी तीनदा ऐकलं. मलाही कळला नाही. रविवारी दोघं फुफूकडे जाणार आहोत.