इंजिनाला घाम येत नाही

आमच्या हातखंब्यात दोन विषयांवर प्रत्येकाचं मत ठाम असतं. एक हायवेचं चौपदरीकरण, दुसरा गाडीतलं ऑइल. पहिल्यावर मी तोंड उघडत नाही. दुसऱ्यावर आज उघडणारच.

तिठ्यावर कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं. "कोकणातला उकाडा बघतोस ना? जाड ऑइल घाल, २०डब्ल्यू५०." गाडी कुठली, कुणी विचारत नाही. सगळ्या रोगांवर एकच काढा!

आता हा उकाडा म्हणजे काय ते बघू. मे महिन्यात इथे पारा ३३-३४ च्या आसपास. आपला जीव जातो तो दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून. इंजिनाला कुठे घाम येतो? त्याच्या लेखी चंद्रपूरचा ४५ अंशांचा कोरडा मे कितीतरी कडक. आणि चंद्रपूरच्या स्प्लेंडरलाही कंपनी तेच सांगते जे आपल्या स्प्लेंडरला: १०डब्ल्यू३०.

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. नंतरचा आकडा ऑइल १०० अंशांना किती दाट राहतं त्याचा. म्हणजे '३०' हा शिक्काच मुळी ऑइल उकळत्या पाण्याइतकं तापवून मिळतो. त्यापुढे आपल्या उन्हाळ्याची काय मिजास!

जाड म्हणजे जास्त संरक्षण, हेही सरसकट खरं नाही. इंजिनातल्या फटी ठरावीक दाटपणा धरून ठेवलेल्या असतात. त्याहून दाट ऑइल ढवळण्यात ताकद जाते, ॲव्हरेज पडतं. उलट रॉयल एनफिल्डच्या ३५० ला १५डब्ल्यू५० सांगितलंय, तिथे पातळ घालणंही तितकंच चूक.

"मग गणपतीत ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर?" प्रश्न रास्त आहे. हवेवर थंड होणारं इंजिन उभ्या गाडीत तापतंच. पण त्यावर उपाय म्हणजे इंजिन बंद करणं, ऑइल बदलणं नव्हे.

आणि कारमधलं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतणाऱ्यांना तर साष्टांग नमस्कार. बहुतेक बाइकमध्ये क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. कारच्या ऑइलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असली की क्लच घसरतो, आणि निवळीचा घाट चढताना ते कळतं. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलंय का, एवढं बघा.

चिडायचं कारण असं की इथे कित्येकांचं पोट गाडीवर आहे. कुणी मासे विकतो, कुणी गवंडीकामाला जातो. शंभर सीसीच्या इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर. त्यातलं पाव लिटर जळून गेलं तरी कुणी कांडी काढून बघत नाही, ग्रेडवर मात्र तासभर चर्चा. इंजिनाचा भुगा होतो तो कमी आणि म्हाताऱ्या ऑइलाने, आणि खर्च होतो महिन्याच्या कमाईचा.

तेव्हा सुट्टीत गावी येणाऱ्या समस्त पुतण्या-भाच्यांनो, गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका माळ्यावरून काढा. ग्रेडचं पान उघडून मेकॅनिकसमोर धरा. आणि दर रविवारी कांडी पुसून ऑइल बघा. वाद तिठ्यावर घाला, इंजिनात नको.