आपण चुकीच्या गाडीला घाबरतो

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. नांदुऱ्याजवळ हायवेच्या कडेला आम्ही चौघं चहा पीत उभे होतो. तेवढ्यात एक जण ओरडला, "अबे, थे पाय!" पवनचक्कीचं पातं चाललं होतं. पातं एकच, पण ट्रेलर संपता संपेना. पुढे दिवा आणि लाल झेंडा लावलेली पायलट गाडी, मागे दुसरी, आणि वळणावर पायी चालत हात दाखवणारी दोन माणसं. अख्ख्या टपरीनं मोबाईल काढले. माझी रील त्या रात्री बरी चालली. कॅप्शन होतं, "डेंजर!"

खरं डेंजर दोन-अडीच तासांनी भेटलं. खामगावहून चिखलीकडे येताना उंद्री सोडली आणि अंधारात रस्त्यावर चक्क भिंत दिसली. भिंत हलत होती. कुटाराचा ट्रक! सोयाबीनचं कुटार दोन्ही बाजूंनी इतकं फुगलेलं की अर्ध्याहून जास्त रस्ता त्यानंच खाल्लेला. मागचे दिवे गोणपाटाच्या झुलीखाली गडप. मित्रानं ब्रेक दाबला, बाईक घसरत साईडपट्टीवर गेली, आणि आम्ही थोडक्यात वाचलो. त्या ट्रकची रील मात्र कुणीच काढली नाही, कारण तो आपल्याला रोजच दिसतो.

म्हणून सांगतो, जो ट्रेलर बघून तुम्ही तोंडात बोट घालता, तो रस्त्यावरच्या सगळ्यात सुरक्षित गाड्यांपैकी एक असतो. कारण सोपं आहे. तो निघण्याआधी कुणीतरी हिशोब केलेला असतो. वाटेत पूल किती, वायरी किती उंचीवर, कुठलं वळण बसणार नाही, हे आधी बघून येतात. मग परवानग्या. प्रचंड वजनाच्या मालासाठी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर वगैरेसाठी, हायड्रॉलिक अ‍ॅक्सलचा ट्रेलर लागतो. त्यात चाकांच्या रांगाच रांगा असतात आणि तेलाच्या दाबामुळे वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं जातं. सिव्हिलवाल्या मित्रांनी इंडियन रोड्स काँग्रेसचं सहा नंबरचं कोड उघडून बघावं. पूल डिझाइन करताना त्यात 385 टनांची एक 'स्पेशल व्हेइकल' धरतात. तिच्या अटी वाचा: पुलावर त्या वेळी दुसरं एकही वाहन नको, गाडी मधोमध चालवायची, वेग ताशी 5 किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. म्हणजे आजीसोबत मंदिरात जाताना आपण चालतो, साधारण तेवढा.

आठवत असेल तर 2019 च्या जुलैमध्ये आपल्याच महाराष्ट्रातून एक 74 चाकी ट्रेलर निघाला होता. त्यावर तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी सुमारे 70 टनांचा ऑटोक्लेव्ह होता. तो पोचला 2020 च्या जुलैमध्ये! साधारण 1,700 किलोमीटरला एक वर्ष. मध्ये लॉकडाऊन आलं हे खरं, पण एरवीही दिवसाला काही किलोमीटरच. सोबत तिसेक माणसं. कुठे वायरी काढल्या, कुठे झाडाच्या फांद्या छाटल्या. तेव्हा सोशल मीडियावर लोक हसले होते, मीही हसलो होतो.

आता आपल्या जिल्ह्यात या. इथे 70 टनांचं काही रोज जात नाही. इथे जातं कुटार, वाळू, कापूस, सळई. कुटार वजनाला हलकं. ट्रक नुसता डाल्याच्या उंचीपर्यंत भरला तर भाडंसुद्धा निघत नाही, म्हणून तो फुगवतात. वाळूचं उलट आहे. ती दिसायला कमी आणि वजनाला भारी. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, कोरड्या वाळूचे साडेचार टनांच्या आसपास. पूर्णा किंवा खडकपूर्णेतून नुकतीच काढलेली, पाणी गळणारी वाळू त्याहून जड. टिप्परच्या मागे रस्त्यावर ओली रेघ दिसली की समजायचं, कागदावरचं वजन आणि चाकावरचं वजन यांची भेट झालेली नाही.

हे नुसतं टायरच्या जिवाचं नाही. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलवर कायद्यानं 11.5 टन चालतात (जुलै 2018 पर्यंत 10.2 होते, मग वाढवले). त्यावर 14 टन घातले तर रस्त्याची झीज किती वाढेल? तुम्ही म्हणाल, वीसेक टक्के. नाही, दुपटीहून जास्त. अमेरिकेत 1958 ते 1960 मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवले होते. तेव्हापासून इंजिनिअर ढोबळमानानं धरतात की झीज वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. आपण खड्ड्यांसाठी ठेकेदाराला शिव्या देतो, आणि काही वेळा त्या बरोबरही असतात. पण त्यातल्या थोड्या ओव्हरलोडच्याही वाट्याला जायला हव्यात. आणि हीच जादा टनांची गाडी राजूर घाटातून उतरताना समोर आली तर? तापलेल्या ब्रेकला चलन, परवाना, ओळख काही कळत नाही.

20 ऑगस्ट 2021 ला सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरचा टिप्पर उलटला. त्यात लोखंडी सळई होती आणि त्याच गाडीत मजूर बसले होते. 13 जण गेले. मी तेव्हा कॉलेजात होतो. ग्रुपवर फोटो आले, 'रिप' लिहिलं, आणि संध्याकाळी आम्ही मॅचबद्दल बोलत होतो. आता या पानासाठी वाचताना ती बातमी पुन्हा समोर आली. यावेळी मला एकच गोष्ट खटकली, की सळई आणि माणसं एका गाडीत चढली तेव्हा तिथे उभ्या असलेल्या कुणालाच त्यात वेगळं काही वाटलं नसेल. आपल्याला तरी कुठे वाटतं? ट्रॉलीत सिमेंटची पोती आणि त्यावर पोरं, हे दृश्य आठवड्यातून किती वेळा दिसतं, तुम्हीच मोजा.

खामगावच्या एका ढाब्यावर एका ड्रायव्हर काकांना विचारलं, एवढं का भरता? ते जेवता जेवता म्हणाले, "कमी भरतो म्हणलं तं उद्या दुसऱ्याले बलावते ना. गाडी माही नाही, माल माहा नाही, फक्त जीव माहा हाय." पुढे मला काही विचारता आलं नाही.

माझा मुद्दा इथेच आहे. पकडला जातो ड्रायव्हर. मोटार वाहन कायद्यातल्या कलम 194 प्रमाणे ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. माल बाजूला, मागे, पुढे किंवा वर बाहेर आलेला असेल तरी 20,000. वजन करायला गाडी थांबवली नाही तर 40,000. ट्रकबाहेर सळई काढून नेण्याची जी सवलत होती, तीही 2014 मध्ये बंद झाली. म्हणजे कायदा आहे. आणि गंमत म्हणजे हाच कायदा फक्त 'जो चालवतो' असं म्हणत नाही. जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही त्यात येतो. ड्रायव्हर मालक नसेल तर मालकाला हे माहीत होतं असं कोर्ट गृहीत धरू शकतं, हे कलम 113 मध्ये लिहिलंय.

मग भरणारा का सुटतो? "आम्हाला वजनाचा अंदाज नव्हता" हे तर कुणी सांगूच नये. कापूस क्विंटलवर विकतात, सळई किलोवर. गाडी धरमकाट्यावर चढल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. वजन सगळ्यांना माहीत असतं, चिठ्ठीवर छापलेलं असतं. मला वाटतं, ती चिठ्ठी ज्यानं फाडली, त्याच्याच नावानं पहिलं चलन फाडावं. पोलिसांनी रात्री बारा वाजता हायवेवर टॉर्च मारत उभं राहण्यापेक्षा माल जिथे भरला जातो तिथे दिवसा जाऊन बसावं. भाडं वाढेल? वाढेल थोडं. शेतकऱ्याच्या खिशाला लागेल? लागू शकतं, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण आज तो खर्च कुणीच भरत नाही असं थोडंच आहे? तो अंधारात बाईकवरून येणारा भरतो.

लिहिताना एक गोष्ट लपवणार होतो, पण सांगतो. मागच्या वर्षी मामाच्या शेतातलं कुटार असंच गेलं. दोन पोरं वर चढून पायांनी दाबत होती आणि मी खालून ओरडत होतो, "अजून बसते, अजून बसते!" सहाशे रुपये जास्त मिळाले म्हणून मामा खूश. संध्याकाळी ट्रक निघाला तेव्हा मागचे दिवे दिसतात का, हे बघायचं कुणालाच सुचलं नाही. मी फाटकाशी उभा राहून त्याचा फोटो काढला. तो अजून माझ्या गॅलरीत आहे.