भाडेकरूसह विक्री : ताब्याचा निकाल टोकनआधी लावा

रिसेलला आलेला फ्लॅट पाहायला जावे तर दार भाडेकरूने उघडावे, हे पुण्या-मुंबईत आता नवलाचे राहिलेले नाही. मालक नोकरीनिमित्त बेंगळुरूला किंवा परदेशात असतो, घर लिव्ह अँड लायसन्सवर दिलेले असते आणि भाव चांगला मिळतोय म्हणून ते विकायला निघते. अशा व्यवहारात आपल्या धंद्यातले एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘भाडेकरूचं टेन्शन घेऊ नका, महिन्यात खाली करून देतो.’ मालक ते एजंटाला सांगतो, एजंट पार्टीला सांगतो. ज्याने घर खाली करायचे, त्याला मात्र कोणीच विचारलेले नसते. टोकन जाते, कर्ज मंजूर होते आणि साठेखताच्या टेबलावर कळते की कराराचे अजून बरेच महिने शिल्लक आहेत.

यात कायदा धूसर आहे असे म्हणायला जागा नाही. आधी हातातला कागद कोणता ते पाहावे. तो खरा भाडेपट्टा असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ नुसार खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो आणि पट्टा पुढे चालू राहतो. मालक बदलल्याचे भाडेकरूला कळवले नाही आणि त्याने जुन्याच मालकाला भाडे भरले, तर नव्या मालकाला ते पुन्हा मागता येत नाही. म्हणून खरेदीखत होताच दोघांच्या सहीचे पत्र भाडेकरूच्या हाती पडले पाहिजे.

लिव्ह अँड लायसन्सचे गणित निराळे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचे कलम ५९ सांगते की आधीच्या मालकाने दिलेली परवानगी खरेदीदाराला केवळ खरेदीमुळे बांधत नाही. आपल्यातले पुष्कळ जण इथपर्यंतच वाचतात. पुढे कलम ६३ आहे : परवानगी संपली तरी निघायला आणि सामान हलवायला वाजवी मुदत द्यावी लागते. कलम ६४ आहे : पैसे मोजून राहणाऱ्याला स्वतःची चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढले, तर तो परवानगी देणाऱ्याकडून भरपाई मागू शकतो. म्हणजे खरेदीदार सुटतो आणि विकणारा अडकतो. आणि विकणारा अडकला की त्याचा पहिला फोन एजंटालाच येतो.

समजा, कोथरूडमधला टू बीएचके आहे. करार ३३ महिन्यांचा, भाडे दरमहा २८,००० रुपये, अनामत एक लाख. चौदा महिने झालेत. मुदत संपूनही लायसन्सी निघाला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट दराने, म्हणजे महिना ५६,००० रुपयांनी नुकसानभरपाई मागता येते. पण हा जलद मार्ग खुला होतो मुदत संपल्यावर. एकोणीस महिने बाकी असताना त्याचा धाक दाखवणे फोल आहे. पाणी किंवा वीज तोडण्याचा सल्ला देणाऱ्यांनी त्याच कायद्याचे कलम २९ वाचावे. आणि करार नोंदवलेलाच नसेल, तर कलम ५५ प्रमाणे अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोंदणीची जबाबदारीही मालकाचीच. तेव्हा मालकाच्या शब्दावर न जाता इंडेक्स टू काढा.

‘आम्हाला भाडेकरूचं माहीतच नव्हतं’ हा बचाव खरेदीदारालाही मिळत नाही. प्रत्यक्ष ताब्यात असलेल्याचा हक्क खरेदीदाराला ठाऊक होता, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा धरून चालतो. गिरगाव-लालबागच्या पागडीच्या इमारती घेणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिथे भाडेकरूंची यादी पाहिल्याशिवाय भावाची बोलणीच होत नाहीत. फ्लॅटच्या व्यवहारात मात्र आपण ही शिस्त विसरलो.

यावर उपाय अवघड नाही. फ्लॅट विक्रीला घेतानाच कराराची प्रत मागा आणि तीन गोष्टी वहीत उतरवा : संपण्याची तारीख, लॉक-इन आणि नोटिशीची मुदत. मग मालकाच्या संमतीने भाडेकरूशी स्वतः बोला. तो निघायला तयार असेल, तर तारीख, अनामत परत देण्याचा दिवस आणि ठरली असेल ती भरपाई लेखी घ्या. राहणार असेल आणि पार्टी गुंतवणूकदार असेल, तर नवा मालक आणि लायसन्सी यांच्यात खरेदीच्या तारखेपासून नवा करार नोंदवा. अनामत किमतीतून वळती करून खरेदीदाराकडे दिल्याचे खरेदीखतात लिहा. हे एक वाक्य राहून गेले, की लाखभर रुपयांसाठी तिघे तीन दिशांना बोट दाखवतात.

घर दाखवण्याचेही तसेच. रविवारी सकाळी न सांगता पाच माणसे घेऊन जायचे, दोरीवरचे कपडे बाजूला सारून बाल्कनी मोजायची, अभ्यासाला बसलेल्या दहावीच्या पोरीसमोर ‘ही भिंत काढता येईल’ म्हणायचे, हे बंद झाले पाहिजे. भाडे भरून राहणाऱ्याचे ते घर आहे. आदल्या दिवशी फोन करून आठवड्यातली एक वेळ ठरवली, तर तोच माणूस पार्टीला पाण्याचे वेळापत्रक आणि पार्किंगची खरी अवस्था सांगतो. दुखावला, तर गळतीचा डाग आधी दाखवतो.

आमचे व्यावसायिक मित्रांना सांगणे एवढेच : या महिन्यापासून प्रत्येक जाहिरातीत ‘रिकामा’ किंवा ‘भाडेकरूसह, करार अमुक तारखेपर्यंत’ असे स्पष्ट छापा आणि लायसन्सीचे लेखी म्हणणे फाइलला लागल्याशिवाय टोकनची पावती फाडू नका. एखादी पार्टी त्यामुळे हातची जाईल. पण खाली ताब्याचा शब्द देऊन तो न पाळणाऱ्या एजंटाकडे दुसरी पार्टी कोणी पाठवत नाही.